बोटभर माशाचा दरारा

प्रवाळखडकावर बोटभर लांबीच्या माशाला सावकाश पोहणे सहसा परवडत नाही. तिथले छोटे मासे थव्याने राहतात, कपारीपासून फार लांब जात नाहीत, वरून सावली सरकली की क्षणात आत शिरतात. अनेक जाती दिवस मावळताना अंडी पाण्यात सोडून मोकळ्या होतात. ज्यांची अंडी खडकाला चिकटलेली असतात, त्यांचा नर बहुधा पिल्ले बाहेर पडेपर्यंत तिथून हलत नाही. या सगळ्या घाईगर्दीत एक मासा मात्र भर दुपारी, उघड्यावर, कुणाची पर्वा नसल्यासारखा फिरत असतो. पांढरट अंग, पाठीवरून उतरणारे चार काळपट पट्टे, त्यांतले मधले दोन थेट पोटाकडे गेलेले, अंगावर तपकिरी ठिपके, पिवळी शेपटी आणि पुढे आलेले टोकदार तोंड. लांबी फार तर अकरा सेंटिमीटर. शेजारून मोठा शिकारी मासा गेला तरी हा आपला वेग सहसा बदलत नाही. शास्त्रीय नाव कॅन्थिगॅस्टर व्हॅलेंटिनी. हे पुस्तक त्याच्याविषयी आणि त्याच्या बेफिकिरीच्या कारणांविषयी आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या वाचकाला त्याचे कूळ सांगायला वेळ लागणार नाही. जाळ्यात आला की टम्म फुगणारा केंड हा त्याचा भाऊबंद. आपल्याकडच्या केंडाच्या वाट्याला मच्छीमारांच्या शिव्याच येतात. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, जाळ्यातली माकुले तो कुरतडतो आणि वर जाळेही फाडतो. हे केंड आकाराने मोठे, मोकळ्या पाण्यात फिरणारे. आपला मासा खडक सोडत नाही. त्याच्या गटाला इंग्रजीत टोबी म्हणतात. सोयीसाठी मीही पुढे तेच नाव वापरणार आहे.

कॅन्थिगॅस्टर ही प्रजाती विल्यम स्वेन्सन या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८३९ साली मांडली. तिच्यात आज तीस ते चाळीसच्या दरम्यान जाती मोजल्या जातात. काही अटलांटिक महासागरात आहेत, पण बहुतेक हिंद आणि प्रशांत महासागरांतल्या. आपल्या टोबीचे शास्त्रीय वर्णन पीटर ब्लीकर यांनी १८५३ मध्ये केले. ब्लीकर डच सैन्यातले डॉक्टर. नेमणूक बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात. दवाखान्याचे काम सांभाळून या माणसाने ईस्ट इंडीजमधल्या माशांचे एवढे प्रचंड काम उभे केले की आजही तिथल्या माशाचे नाव उघडून पाहिले तर मागे ब्लीकर सापडण्याची शक्यता मोठी. व्हॅलेंटिनी हे नाव अँबोनमध्ये राहिलेले डच धर्मोपदेशक फ्रान्स्वा व्हॅलेंटेन यांच्यावरून आले. त्यांचा ईस्ट इंडीजवरचा अवाढव्य ग्रंथ १७२४ ते १७२६ या काळात छापला गेला आणि त्यात समुद्री जीवांचा मोठा भाग आहे.

शरीररचनेवर पुढे एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. वर दोन आणि खाली दोन अशा चार दातांच्या पट्ट्या एकत्र येऊन चोच झालेली. बरगड्या नाहीत, पोटाखालचे पर नाहीत, नेहमीचे खवले नाहीत. पोहण्याचे काम छातीचे, पाठीचे आणि गुदद्वाराजवळचे छोटे पर करतात, शेपटी बहुतेक वेळा नुसती सुकाणू. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात. या ठेवणीने वेग मिळत नाही. मिळते ते जागच्या जागी थांबणे, वळणे, मागे सरकणे आणि फटीतला घास नेमका टिपणे. तो दिवसभर काही ना काही कुरतडत असतो: तंतूसारखे हिरवे-लाल शेवाळ, खडकाला चिकटलेले पिशवीसारखे जीव, सागरी कृमी, लहान शिंपले-गोगलगायी, मधूनच प्रवाळाचा एखादा तुकडा. चोच आयुष्यभर वाढत राहते आणि कठीण खाण्यावर झिजत राहते. मत्स्यटाकीत मऊ खाद्यावर ठेवलेल्या टोबीची चोच इतकी वाढते की शेवटी त्याला खाताच येत नाही, हे पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

त्याचा प्रदेश अफाट आहे. तांबडा समुद्र आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा इथून मालदीव, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलियाचा ग्रेट बॅरियर रीफ ओलांडत थेट प्रशांत महासागरातल्या तुआमोटू बेटांपर्यंत, आणि उत्तरेला दक्षिण जपानपर्यंत. खोली मीटरभरापासून पन्नास-पंचावन्न मीटरपर्यंत. एवढ्या विस्तारात त्याला हवे असते ते मात्र ठरलेले: लगूनमध्ये किंवा खडकाच्या बाहेरच्या उतारावर प्रवाळाचे गठ्ठे, मध्ये मोडक्या प्रवाळाचा चुरा, त्यावर शेवाळाची लव आणि रात्री अंग चोरून पडायला एखादी कपार. लक्षद्वीप किंवा अंदमानला पाण्यात उतरलेल्या मराठी पर्यटकांपैकी अनेकांनी टोबींच्या कुठल्या ना कुठल्या जातीवरून नजर फिरवलेली असणार. नजर पुढे जाते ती शार्क किंवा कासव दिसले म्हणून. टोबीची तक्रार नसावी. दुर्लक्ष हीच त्याची कमाई आहे.

या दुर्लक्षाचे मूळ विषात आहे. केंडकुळातल्या विषाला जपानी औषधशास्त्रज्ञ योशिझुमी ताहारा यांनी १९०९ मध्ये टेट्रोडोटॉक्सिन हे नाव दिले. त्याची रासायनिक रचना १९६४ मध्ये स्पष्ट झाली. त्याच वर्षी तोशियो नाराहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हे रसायन मज्जातंतूंतला सोडियमचा मार्गच बुजवते. सोडियम आत गेला नाही तर संदेश पुढे सरकत नाही. आधी ओठ आणि जीभ बधिर होते, मग हातपाय, शेवटी श्वासाचे स्नायू. शुद्ध मात्र बराच वेळ टिकू शकते. त्यावर उतारा नाही. श्वास कृत्रिमरीत्या चालू ठेवून विष शरीराबाहेर जाण्याची वाट पाहायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. केंडांच्या स्वतःच्या सोडियम मार्गांत असे बदल झालेले आहेत की विष त्यांना बाधत नाही. आणि विष बहुधा त्यांचे स्वतःचे नव्हेच. ते जिवाणू तयार करतात आणि अन्नसाखळीतून ते माशात साठते, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. ठरावीक खाद्यावर वाढवलेल्या फुगूंत, म्हणजे जपानी केंडांत, ते जवळजवळ आढळत नाही, हा त्याचा एक पुरावा.

कॅप्टन कुकला या विषाची चव लागली होती. सप्टेंबर १७७४ मध्ये त्याचे जहाज न्यू कॅलेडोनियाला होते. एका स्थानिक माणसाकडून विकत घेतलेल्या माशाचे काळीज आणि गाभोळी त्याने आणि जहाजावरच्या फॉर्स्टर पितापुत्रांनी रात्री थोडी चाखली. पहाटेच्या सुमारास तिघांचे हातपाय गळाले, स्पर्शाचा अंदाज गेला, हातात घेतलेली वस्तू जड की हलकी हे कळेना. माशाची आतडी खाल्लेले डुक्कर मेलेले आढळले. सकाळी जहाजावर आलेल्या स्थानिकांनी टांगलेला मासा पाहून खुणेने सांगितले की हा खात नाहीत. विकताना मात्र कुणी बोलले नव्हते. तो मासा टोबीपेक्षा कितीतरी मोठ्या जातीचा होता. तरी हा प्रसंग सांगितला तो एका मुद्द्यासाठी: काळजातले आणि गाभोळीतले विष खाणाऱ्याला धडा शिकवते, पण तोवर खाल्ला गेलेला मासा संपलेला असतो. त्याला स्वतःला त्याचा काडीचा उपयोग नाही. टोबीचे विष त्याच्या कातडीतही असते. तोंडात घेताच शिकाऱ्याला काहीतरी बिनसल्याचे कळते, तो मासा थुंकून टाकतो, आणि टोबी जगण्याची शक्यता राहते. शिकारीही जगतो आणि ते पट्टे लक्षात ठेवतो. माझ्या मते या माशाची खरी गोष्ट इथे सुरू होते. त्याच्या विषाचा उपयोग मारण्यासाठी नाही, लक्षात राहण्यासाठी आहे.

लोकांना केंडाचे फुगणेच तेवढे माहीत असते. टोबी फुगतो, पण तो शेवटचा उपाय. आधी तो पाठीवरची आणि पोटाखालची कातडीची धार ताठ उभी करतो, त्यामुळे बाजूने पाहणाऱ्याला एकदम मोठा वाटतो. तेवढ्यावर भागले नाही तर भराभर पाणी गिळून पोट ताणतो. फुगलेला मासा त्या वेळात श्वास रोखून धरतो असा समज बराच काळ रूढ होता. जॉर्जिया मॅकगी आणि टिमथी क्लार्क यांनी ऑस्ट्रेलियात याच जातीवर प्रयोग करून २०१४ मध्ये तो खोडून काढला. फुगलेल्या टोबीचे कल्ले चालूच असतात. उलट त्याचा ऑक्सिजनचा वापर विश्रांतीच्या वेळेपेक्षा पाचपट होतो, आणि तो मूळ पातळीवर यायला सरासरी साडेपाच तास लागतात. काही मिनिटांच्या सोंगासाठी अर्ध्या दिवसाची दमछाक. फोटोसाठी माशाला मुद्दाम फुगवणारे पाणबुडे आणि पाहुण्यांसमोर काठीने टाकी ढवळणारे हौशी लोक यांनी हा आकडा वाचावा.

आता लिझर्ड आयलंड. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातले हे बेट डिंगाल या आदिवासी लोकांचे, ते त्याला जिगुरू म्हणतात. १७७० च्या ऑगस्टमध्ये हाच कुक इथल्या टेकडीवर चढून प्रवाळखडकांतून बाहेर पडायला वाट शोधत होता. १९७३ पासून ऑस्ट्रेलियन म्युझियमचे संशोधन केंद्र या बेटावर आहे. तिथे १९८० च्या दशकात विल्यम ग्लॅडस्टन यांनी टोबीच्या घरगुती जीवनाचा जो अभ्यास केला, त्याच्यावाचून हे पुस्तक लिहिणे शक्य नव्हते. पाण्याखाली तरंगत एकेक मासा ओळखून ठेवायचा, कोण कुणाकडे जातो, किती वेळ थांबतो, कुणाला हाकलतो याच्या नोंदी ठेवायच्या. अशा कामाला चमक नसते, आणि म्हणून त्याचे कौतुकही थोडेच होते.

ग्लॅडस्टनना दिसले ते असे. प्रत्येक मादी खडकाचा एक तुकडा आपला मानते आणि दुसऱ्या माद्यांना तिथे फिरकू देत नाही. असे काही शेजारशेजारचे तुकडे मिळून एका नराचे राज्य होते. त्यात एकापासून सातपर्यंत माद्या असतात, आणि नर दिवसभर त्यांच्याकडे चकरा मारत राहतो. ज्यांना राज्य मिळाले नाही असे सडे नर आजूबाजूला असतातच. नराने माद्या गोळा केल्या असे चित्र पुस्तकांत सर्रास रंगवले जाते. पण ग्लॅडस्टन यांचे प्रयोग सुचवतात की या व्यवस्थेचा पाया मादीची जागेवरची पकड हा आहे. मादी जागेसाठी राहते, आणि नर जिथे माद्या तिथे. कॅरिबियन समुद्रातल्या टोबीच्या जातीतही साधारण अशीच घडण आढळली आहे.

एक मादी चार ते दहा दिवसांच्या अंतराने अंडी घालते. वेळ सकाळ उलटल्यापासून दुपार कलेपर्यंतची, म्हणजे खडकावर सगळ्यांचे डोळे उघडे असताना. जागा मादी निवडते: शेवाळाचा एखादा झुपका. तोंडाने त्यात हुडकून, रेटून ती जागा तयार करते. नर तोवर भोवती असतो. मग ती पोट झुपक्यात दाबते, नर बाजूला येऊन भिडतो, आणि काही क्षणांत अंडी त्या शेवाळात चिकटतात. व्यास मिलिमीटरपेक्षाही कमी. त्यानंतर दोघेही निघून जातात. पहारा नाही, पंखाने पाणी घालणे नाही, परत येऊन पाहणेही नाही. तीन ते पाच दिवसांनी, सूर्यास्ताच्या सुमारास, पिल्ले बाहेर पडून प्रवाहाला लागतात.

खडकावर उघडी पडलेली अंडी म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आयती मेजवानी. या अंड्यांना मात्र कुणी शिवत नाही. ग्लॅडस्टन यांनी ती आणि नुकती बाहेर पडलेली पिल्ले खडकावरच्या इतर माशांना देऊन पाहिली. माशांनी तोंडात घेतली आणि टाकून दिली. १९८७ मध्ये हा निष्कर्ष छापला गेला. पुढच्या वर्षी ग्लॅडस्टन आणि मार्क वेस्टोबी यांनी टोबीची तुलना खडकावरच्या बिनविषारी माशांशी करून एक मोठा प्रश्न मांडला. दिवसा अंडी घालणे, त्यांची निगा न राखणे आणि संथपणे वाढणारी पिल्ले या सगळ्या सवयी एकाच कारणाचे परिणाम असतील का? माझे उत्तर होकारार्थी आहे, आणि या पुस्तकातली प्रकरणे त्याच क्रमाने लावली आहेत. जिवाची भीती कमी झाली की वेळेचे बंधन सुटते, जागेचे बंधन सुटते, बापाला पहारा द्यावा लागत नाही. वाचलेला तो वेळ नर दुसऱ्या मादीकडे जाण्यात घालवतो. म्हणजे कातडीतले रसायन आणि घरातली व्यवस्था यांचा सांधा शेवाळाच्या एका झुपक्यात आहे.

पिल्लांची कहाणी लांबची. ती ६४ ते ११३ दिवस प्लवकांबरोबर खुल्या समुद्रात तरंगत राहतात आणि मग कुठल्या तरी खडकावर उतरतात. खडकावरच्या बऱ्याच माशांचा हा काळ महिन्याभरात आटोपतो. टोबीच्या अफाट प्रदेशाचे एक कारण या तीन महिन्यांत असावे. त्या काळात पिल्ले नेमकी कुठून कुठे जातात, हे प्रकरण पुस्तकात सर्वांत छोटे आहे.

विषाची ही ख्याती अर्थातच दुसऱ्यांच्याही कामी येते. पॅराल्युटेरिस प्रायोन्युरस नावाचा एक फाइलफिश आहे. त्यात विष नाही. पण अंग पांढरट, पाठीवर चार काळपट पट्टे, ठिपके, पिवळट शेपटी, आणि चालही टोबीसारखीच संथ. दारावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी आणि आत कुत्राच नाही, असा हा प्रकार. दोघांना शेजारी पोहताना पाहिले तर सरावलेला पाणबुड्याही फसतो. तांबड्या समुद्रात अशीच आणखी एक जोडी आहे. तिथल्या मोतीठिपक्यांच्या टोबीची नक्कल करणारा फाइलफिश, पॅराल्युटेरिस अर्कात, युजिनी क्लार्क आणि एच. ए. एफ. गोहर यांनी १९५३ मध्ये शास्त्रापुढे आणला. त्यासाठी क्लार्क इजिप्तमधल्या गर्दका इथल्या केंद्रात राहून विषारी माशांच्या मागे लागल्या होत्या. पुढे त्या शार्कसाठी जगप्रसिद्ध झाल्या, पण त्यांचा पाया केंड आणि त्यांचे सगेसोयरे यांच्यावर घातलेला आहे.

नक्कल खरोखर कामाला येते का, हे पाहायला शिकारी माशांनाच विचारावे लागते. ज्युलियन केली आणि डॉल्फ श्लुटर यांनी लिझर्ड आयलंडवर ते केले आणि निष्कर्ष २००३ मध्ये छापले. त्यांनी टोबीच्या प्रतिकृती बनवल्या. काही हुबेहूब, काही थोड्या वेगळ्या, काही टोबीशी काही संबंध नसलेल्या. त्या खडकावर ठेवून कोणते शिकारी मासे किती वेळा जवळ येतात ते मोजले. हुबेहूब प्रतिकृतींपासून शिकारी लांब राहिले. गंमत अशी की थोड्या चुकलेल्या प्रतिकृतींनाही त्यांनी बरेचसे सोडून दिले. साम्य घटत गेले तसे संरक्षणही घटले, पण एकदम तुटले नाही. उत्क्रांतीच्या दृष्टीने हा निकाल मोलाचा. अर्धवट नक्कलही फायद्याची असेल तर फाइलफिशच्या पूर्वजांना पहिल्या दिवसापासून पक्के सोंग वठवण्याची गरज नव्हती. थोडे साम्य, थोडा फायदा, आणि पिढ्यान्‌पिढ्या पट्टे जागेवर बसत जाणे, हा मार्ग खुला होतो.

तिसरा सोंगाड्या अधिक धूर्त आहे. प्लेक्ट्रोपोमस लेव्हिस हा हेकरूच्या कुळातला मासा मोठेपणी मीटरभराहून लांब होतो आणि दुसऱ्या माशांवर जगतो. लहानपणी मात्र तो पांढऱ्या अंगावर काळे पट्टे आणि पिवळे पर घेऊन टोबीच्या वेषात फिरतो. फाइलफिशला या वेषाने मोठ्यांपासून अभय मिळते. या पिल्लाला ते मिळतेच, शिवाय टोबी समजून बेसावध राहिलेले छोटे मासे त्याच्या तोंडाजवळ येतात. टोबीने आयुष्यभर सांभाळलेला निरुपद्रवी शेजाऱ्याचा लौकिक हे पोर शिकारीसाठी वापरते. नक्कल करणारे जितके वाढतील तितका शिकाऱ्यांचा पट्ट्यांवरचा विश्वास कमी होईल, म्हणून ते मूळ टोबींपेक्षा विरळ राहिले तरच सगळ्यांचे निभते.

या साऱ्याचा आधार खडकच आहे, आणि खडकाची अवस्था बिकट आहे. २०१६ च्या उष्णतेने ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले आणि मेले, लिझर्ड आयलंड त्यातच आले. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ असे तीन तडाखे सोसले. टोबी फक्त प्रवाळ खात नाही. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ वाढते, त्यामुळे पहिली काही वर्षे त्याला खायला उलट जास्तच मिळत असेल. संकट नंतरचे आहे. सांगाडा झिजून ढासळला की कपारी जातात, आणि कपारीवाचून मादीला जागा धरता येत नाही. ज्या नोंदींवर हे पुस्तक उभे आहे, त्यांतल्या बऱ्याच या उष्णतेच्या लाटांपूर्वीच्या आहेत. वाचताना हे ध्यानात असू द्यावे.

पाण्यात उतरणाऱ्या वाचकासाठी एक व्यवहाराची गोष्ट. समोरचा मासा टोबी की त्याचे सोंग, हे पट्टे पाहून कळणार नाही. पाठीवरचा आणि गुदद्वाराजवळचा पर पाहावा. टोबीचा आखूड, शेपटीजवळ एवढासा पंखा. फाइलफिशचा लांब पसरलेला, शेपटीपर्यंत झालरीसारखा गेलेला, आणि डोक्यामागे एक काटा जो तो बहुतेक वेळा दुमडून ठेवतो. हेकरूच्या पिल्लाचे तोंड मोठे असते, ते उघडले की शंका उरत नाही. तिघांची चित्रे पाठोपाठच्या तीन पानांवर दिली आहेत.